पासष्ट की सहासष्ट

सायकलवरून शाळेत निघालेल्या बाईंना उडवून एक गाडी पळून गेली होती. बाई वाचल्या नाहीत. रस्त्यात सापडलेला, गाडीच्या बाजूच्या नक्षीचा क्रोमचा तुकडा शेरीफने व्हर्लनच्या गॅरेजात, त्याच्यापुढे ठेवला. नुसती नक्षी बघून गाडीचं साल सांगणारा दुसरा माणूस त्या जिल्ह्यात नव्हता.

"मस्टँग गाडीचाच आहे ना? लॉनी टिब्जला उचललाय मी. त्याची पासष्टची आहे. तू हो म्हण, म्हणजे मी जेवायला मोकळा."

व्हर्लनने तुकड्यावरून अंगठा फिरवला. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"लॉनीला सोड. पासष्टच्या नक्षीला हे तीन दात नसतात. ही सहासष्टची."

"अरे, नीट बघ. एका वर्षात असा काय फरक पडतो?"

"एवढाच पडतो."

"बरं, मग गावात सहासष्टची आहे कुणाकडे?"

व्हर्लन खाली बसला. 

"एकच आहे. माझ्या पोरीची, रोझॅनची. हरीण आडवं आलं म्हणाली, म्हणून काल नवी नक्षी मीच बसवून दिली."