बोबोटी होईपर्यंत

बोबोटी केलीय, असा निरोप गेला तेव्हा इग्शान एकोणीस दिवसांनी घरी आला. व्यसनमुक्ती केंद्राची गाडी यायला अजून तासभर होता. मागच्या वेळी ती दिसताच तो भिंतीवरून पळाला होता. रुगायाने परतलेल्या खिम्यावर दूध-अंडं ओतलं, लिंबाची पानं खोचली आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. खाल्लं की पोरगा निघून जाईल, म्हणून ओव्हन पेटवलाच नाही.

“अजून किती, मम्मी?”

“वरचं अंडं घट्ट होऊ दे. कच्चं खाणारेस?”

“मग निघतो मी.”

“दहाच मिनिटं, राजा.”

तो उठला. ओव्हनच्या दारावर त्याने तळहात टेकवला. रुगाया उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

 

“पेटव आता,” तो परत खुर्चीत बसला. “गाडी यायच्या आत दोन घास खाऊन घेतो.”