हिरवा ठिपका

“मॅडम, त्या चरबीला कळतं का हो, आपल्यावर कुणीतरी नजर ठेवून आहे?” मैत्रिणींच्या पैजेपायी टकळीने गावातल्या संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत शिरून बेधडक विचारलं.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत साठलेली चरबी हिरवीगार चमकत होती. “माग काढायला आम्ही तिला रंग जोडतो,” संशोधक बाई म्हणाल्या. “पण रंग जोडला की ती कधीकधी वेगळीच वागते गं!”

शाळा, वाचनालय आणि घर, याबाहेर टकळीचं पाऊल पडलं की घरी उलटतपासणी ठरलेली. आज मात्र बाबा आईला आपल्या फोनवरचा नकाशा दाखवत खूश होते. “दिवसभर वाचनालयातच! हिच्या फोनचा हिरवा ठिपका जागचा हलला नाही. गुणाची पोर!”

 

“गुणाचा तो ठिपका, बाबा. वाचनालयात नुसता माझा फोन होता, मी प्रयोगशाळेत होते. आई, उद्यापासून फोन घरीच राहील. कुठे गेले होते ते मला विचारा, खरं सांगेन.”