नव्या बसमधला आवाज

शहरात नव्या बस आल्या. कंडक्टर गेले, थांब्यांची नावं छतातला स्पीकर सांगू लागला. पहिल्याच फेरीला बसलेल्या एका कंडक्टरच्या विधवेनं चमकून वर पाहिलं. आवाज तिच्या नवऱ्याचा होता. तो तर नव्या बस यायच्या कितीतरी आधी वारला होता.

मग ती रोज बसू लागली, नुसती ऐकायला.

एका दुपारी बाजाराच्या थांब्यावर स्पीकर हळूच म्हणाला, "चिमणे, सांभाळून उतर."

ही हाक तो तिला फक्त घरात, एकांतात मारायचा. डोळे पुसत ती उठली.

पण पुढच्या सीटवरची बाई आधीच उठली होती. छताकडे बघून ती लाजत कुजबुजली, "हळू बोला ना! तुमची बायको मागेच बसलीये."

"माहितीये," आवाज म्हणाला. "बसू दे तिला."