साहेबांची चौथी फेरी

साहेब पुन्हा आले होते. न कळवता, सकाळी सव्वाअकराला, आणि दारात वाकून बुटाची नाडी सोडत होते.

तिनं समोरची फाइल मिटून ड्रॉवरमध्ये सारली. फाइल बेकरीवाल्याची होती, आणि बेकरीवाला मुळात साहेबांचा क्लायंट.

साहेबांच्या फर्ममध्ये तिनं अकरा वर्षं काढली होती. मग मुलीच्या कानाचं ऑपरेशन झालं. रोज दुपारी साडेतीनला मुलीला बोलायला शिकवायचा तास ठरला, आणि आईनं शेजारी बसायलाच हवं असं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं. तिनं साहेबांकडे लवकर निघायची परवानगी मागितली. ऑफिस ऑफिसच्या घड्याळावर चालतं, एवढंच साहेब म्हणाले.

महिन्याभरात तिनं राजीनामा दिला आणि घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं. काम दहा ते तीन. तीननंतर फोन बंद. नव्या माणसानं आधी हे ऐकायचं, मग कागद द्यायचे. निम्मे लोक तिथूनच परतले. जे राहिले ते चिकटून राहिले. तीनला दुकान बंद करणारी अकाउंटंट आपण पहिल्यांदाच पाहिली, असं लाकडाच्या वखारीची मालकीण म्हणाली होती, पण सांगितलेल्या तारखेला काम हातात देणारीही पहिल्यांदाच.

फक्त एक गोष्ट तिला टोचत होती. फर्म सोडताना तिनं लिहून दिलं होतं, की दोन वर्षं तिथला एकही क्लायंट घेणार नाही. बेकरीवाला आपण होऊन आला. दोनदा तिनं त्याला परत पाठवलं. तिसऱ्यांदा तो कागदांचं खोकंच टेबलावर ठेवून निघून गेला, आणि तिला मोह आवरला नाही. दोन वर्षं व्हायला अजून पाच महिने होते.

साहेबांची ही तिसरी फेरी. पहिल्यांदा ते सहज डोकावल्यासारखे आले होते. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, की तीननंतर कुणी अडून बसलं तर ती काय करते. आज त्यांनी कपाट पाहिलं, खिडकीजवळची मोकळी जागा पाहिली, आणि काम वाढलं तर एकटीला झेपेल का, असं विचारलं.

ती तुटकपणे झेपेल म्हणाली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "आलोच. तोवर तिच्याजवळ बस," एवढं हळूच बोलून ते अर्धा ग्लास पाणी तसंच टाकून गेले.

नवऱ्याचं मत पक्कं होतं. साहेब माहिती काढतायत. तक्रार ठोकली तर तिची अकाउंटंटची सनदच धोक्यात येईल. तिनं शक्य तितकं गप्प राहावं.

दुसऱ्या दिवशी वखारीच्या मालकिणीचा फोन आला. साहेबांनी तिच्याकडे खोदून खोदून चौकशी केली होती, ताई कामाला कशा आहेत, माणसांशी कशा वागतात. तासाभरानं बेकरीवाल्यानंही तेच सांगितलं, जरा चाचरत. म्हणजे साहेबांना सगळं ठाऊक होतं.

त्या दुपारी तासाला मुलीनं एक नवा शब्द उच्चारला. बाईंनी टाळी वाजवली तेव्हा ती दचकून भानावर आली. मुलगी तिच्याकडे बघत होती, आणि शब्द कोणता होता ते तिला सांगता येईना. जे ऐकायला नोकरी सोडली, तेच तिनं ऐकलं नव्हतं. घरी येताना तिनं ठरवून टाकलं.

शुक्रवारी साहेब चौथ्यांदा आले. दाढी वाढलेली, हातात खाकी पाकीट. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं, पण ती त्यांच्याआधी बोलली.

"साहेब, बेकरीचे सगळे कागद या खोक्यात आहेत. चूक माझी आहे. दंड म्हणाल तो भरते. पण सनदेला हात लावू नका. ही खोली गेली तर माझ्या मुलीचा तास जाईल."

साहेबांनी खोक्याकडे पाहिलंही नाही.

"किती बोलते आता?"

"वाक्य जोडते."

त्यांनी मान हलवली. पाकीट बोटानं तिच्याकडे सरकवलं.

"मी जिन्यात थांबतो. वाचून झालं की हाक मार. नाही मारलीस तरी मी समजून घेईन."

ते बाहेर गेले. आपण नोटीस वाचताना समोर बसणंही त्यांना जड जात असावं, असं तिला वाटलं. तिनं पाकीट फाडलं. आत एकच कागद होता, साहेबांच्या तिरप्या अक्षरात.

'माननीय मॅडम, फर्म मी भागीदारांवर सोपवली आहे. आपल्याकडे सहायकाची जागा असल्यास माझा विचार व्हावा. पत्नीला आता फार वेळ एकटं ठेवता येत नाही; मला दहा ते तीन जमेल.'