एक्केचाळिसावी चाचणी

कॉम्प्युटरच्या कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेमरीत घुसू पाहणाऱ्या प्रोग्रामला दारातच अडवायचं, हे सरांचं शेवटचं काम. ते दवाखान्यात होते, म्हणून चाचण्या मी एकटीच घेत होते. बंदी असलेल्या जागी मुद्दाम लिहायचं आणि कर्नल अडवतो का ते पाहायचं. चाळीस वेळा त्यानं अडवलं. एक्केचाळिसाव्या वेळी माझा प्रोग्राम बिनदिक्कत आत शिरला.

दुपारी सरांचा फोन आला. आवाज पार खोल गेला होता.

"काय गं, टिकलं का माझं कुंपण?"

"सगळ्या पास झाल्या, सर. आता निवांत पडा."

"बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

चौथ्या दिवशी सर गेले. पुढच्या आठवड्यात काकू त्यांचं सामान न्यायला ऑफिसात आल्या आणि त्यांनी माझ्या हातात एक कागद ठेवला.

"तुझ्याशी बोलणं झाल्यावर तासभर हेच लिहीत होते."

वाकड्यातिकड्या अक्षरात सात ओळींचा कोड होता. त्याखाली लिहिलं होतं, "कुंपण फाटलं असेल तर इथेच. तुला खोटं बोलता येत नाही, पोरी. पण बरं केलंस, त्या निमित्तानं उठून बसलो."