गाँग झाला की निघते

शेवटचा गाँग वाजवायचाच नाही, असं सिरीलने ठरवलं तेव्हा पहिला गाँग वाजायला जेमतेम मिनिट उरलं होतं.

कॅनडातल्या ग्वेल्फ गावातल्या एका हॉलच्या बेसमेंटमध्ये सगळे वादक मोजे घालून जमिनीवर बसले होते. गामेलान हा जावाचा वाद्यमेळ, आणि त्याचे नियम कडक. बूट घालून जवळ यायचं नाही. आणि आकाश कोसळलं तरी वाद्य ओलांडायचं नाही. सिरील सगळ्यांच्या मागे, चौकटीला टांगलेल्या गाँगपाशी. गाँग लग्नघरातल्या परातीएवढा. ग्लेन्डा सगळ्यांच्या मधोमध, आडवा ढोल घेऊन. दोघांच्या मध्ये काशाची पालथी भांडी, काशाच्या पट्ट्या आणि तीन निवृत्त प्रोफेसर. तिच्यापर्यंत पोहोचायचं तर उडत जायला हवं होतं.

आज पाचच्या शेवटच्या बसने ती टोरोंटोला आणि तिथून मॉन्ट्रियलला निघणार होती. तिथे नवी नोकरी होती. इथल्या प्रयोगशाळेतही तिला जागा देऊ केली होती, पण त्यांना ती अजून हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. तिकीट मात्र काढलं होतं. उद्या सकाळी तिकडे हजर झाली नाही, तर ते दुसऱ्या कुणाला घेणार होते.

मघाशी दाराशी बूट काढताना तिने सरळ विचारलं होतं, "सिरील, तुला काही बोलायचंय का?"

"हो," सिरील म्हणाला. दोन वर्षं तो याच प्रश्नाची वाट बघत होता. "मॉन्ट्रियलला थंडी फार असते."

ग्लेन्डाने दुसरा बूट काढला. "बरं," ती म्हणाली. "गाँग झाला की मी निघते."

सिरीलला सगळ्याची घाई, फक्त याच एका गोष्टीची नाही. मायक्रोवेव्हचे तीन सेकंद उरलेले असताना दार उघडणारा माणूस तो. ओट्सच्या कारखान्यात नोकरी. ओट्स नीट भिजतात की नाही हे बघत थांबायचं, एवढंच काम, आणि तेही त्याला जड जायचं. गामेलान शिकवणाऱ्या बू रत्नांनी (बू म्हणजे बाई) नेमका त्याच्याच हातात गाँग दिला, तेव्हा तिन्ही प्रोफेसर हसले होते. गाँग प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी एकदाच वाजतो. तोही सगळे पोहोचल्यावर, किंचित उशिरा. सिरील दर वेळी आधी वाजवायचा. "पाहुणे अजून हात धुतायत," बू रत्ना म्हणायच्या, "आणि तू जेवून उठलास."

पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली होती. शेवटचा गाँग पडल्याशिवाय कुणीच आपला शेवटचा सूर वाजवत नाही. म्हणजे गाँग नाही तर शेवट नाही. शेवट नाही तर बस नाही. बेत साधा होता. त्यापुढे काय, याचा विचार त्याने केला नव्हता.

वादन सुरू झालं. सिरीलने मऊ गोळ्याची काठी घेतली, रीतीप्रमाणे गाँगला हलकेच स्पर्श करून जागं केलं आणि आवर्तनाच्या शेवटी हाणला. आधीच. एका प्रोफेसरने मान न वळवता उसासा टाकला.

समोर खुर्च्यांवर लोक. त्यांच्यामागे कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाचा बॅनर. वर्ष उलटून गेलं तरी लटकत होता, कारण त्याच्यामागे भिंतीला ओल होती. दारात ग्लेन्डाला बसवर सोडायला आलेले तिचे रिचर्ड अंकल. पायात स्नो बूट, हातात गाडीची चावी. बूट घातलेले म्हणून आत यायची सोय नव्हती. ते ग्लेन्डाकडे बघून मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होते, तालाच्या अगदी विरुद्ध.

दुसरं आवर्तन. तिसरं. ठरल्याप्रमाणे चौथं शेवटचं. इथे समोर उभं राहून हात हलवणारं कुणी नसतं. थांबायचं कधी ते ढोल सांगतो. ढोल मंदावला की सगळे मंदावतात आणि मग गाँग. चौथं सुरू झालं तशी सिरीलने काठी मांडीखाली दडवली आणि तिच्यावर बसला. आता ढोल मंदावेल. आता.

ढोल मंदावला नाही.

आवर्तन संपून पुढे गेलं. गोंधळून सिरीलने काठी ओढून काढली आणि गाँग वाजवला. उशिरा. आयुष्यात पहिल्यांदा बरोबर.

पाचवं आवर्तन सुरू झालं. प्रोफेसर एकमेकांकडे बघू लागले. ग्लेन्डा मोजायला चुकली म्हणावं, तर चार वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. सिरीलला तिची फक्त पाठ दिसत होती, ताठ. बू रत्नांनी चष्मा वर सरकवला आणि वाजवत राहिल्या.

सहावं. सातवं. पहिल्या रांगेतल्या बाई पुन्हा एकदा टाळ्यांसाठी हात वर करून खाली ठेवून बसल्या. मागच्या टेबलावरचा फ्राइड राइस गार झाला. रिचर्ड अंकलनी चावी दाखवली, मग वाजवली, मग दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवून दाखवलं. ढोल आपला चालूच. सिरीलची काठी आता मांडीवर होती. एरवी घाईने सतत हलणारा पाय हलत नव्हता, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी रिचर्ड अंकलनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून गेले होते. चावी खिशात टाकली. दाराशी बाकावर बसले, खाली वाकले, एकेक करत दोन्ही बूट काढले, आणि मोज्यांवर चालत आत येऊन एका रिकाम्या खुर्चीत बसले.

तेव्हा कुठे ढोल मंदावला.