हवापेटीचं न्हाण

खंडेनवमीला घरातली यंत्रं पुजताना इंदुमतीबाईंनी घरातली हवा शुद्ध ठेवणाऱ्या हवापेटीचंही झाकण उघडलं. वर्षभर घरातल्यांचे उच्छ्वास गिळणारे तिच्यातले झिओलाइटचे मणी त्यांनी भक्तिभावाने तांब्याभर पाण्याने न्हाऊ घातले. मणी चरचरले, तापले. जमिनीवरचं निरांजन फडफडून शांत झालं. त्यांनी काडी ओढली. खाली नेताच तीही विझली.

"आई, पाणी घातलंत?" सून मृणाल दारातूनच किंचाळली. "पाणी लागलं की मणी कोंडलेला सगळा कार्बन डायऑक्साइड सोडतात हो! तो खालीच साचतो!"

निरांजनाशेजारी सतरंजीवर नातू निजला होता. इंदुमतीबाईंनी झडप घालून त्याला डोक्याच्याही वर धरलं. मृणालने खिडक्या सताड उघडल्या.

बऱ्याच वेळाने तो ठसकला आणि त्याने टाहो फोडला. इंदुमतीबाईंनी त्याला मृणालच्या हाती दिलं आणि रिकामा तांब्या उचलून बाहेर नेऊन ठेवला.